उलटं बोलणारा बोर्ड

ऊलूमध्ये दुपारी अडीचलाच अंधार पडतो.
राइलीच्या टेबलावर चार पोर्टांचा एक हिरवा बोर्ड
आणि पोर्वेनिरहून आलेली तक्रार:

माझा कीबोर्ड धडधाकट आहे.
तरी दर सहा सेकंदांनी यंत्र ओरडतं, जास्त करंट, जास्त करंट,
आणि त्याची वीज तोडतं.
उंदरानं कुरतडलेल्या वायरीचा पंखा मात्र
प्लास्टिक वितळेपर्यंत फिरत होता.
लॉगमध्ये एक अक्षर नाही.
एदुविना बारिएन्तोस, लोकर वजनकेंद्र.

चोर सोडून संन्याशाला फाशी,
असं राइलीच्या भाषेत म्हणत नाहीत.
ती नुसतं "हं" म्हणाली
आणि थंड कॉफी परत गरम करायला ठेवली.

दोन दिवस चिपची कागदपत्रं.
तिसऱ्या दिवशी, तक्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
सगळं ठीक असताना ही पिन वर असते.
धोका आला
की खाली येते.

म्हणजे ती ओरडत नव्हतीच कधी.
गप्प होत होती.
आणि यंत्राला शिकवलेलं, शून्य म्हणजे कुशल.

शिकवणारा चुकला नव्हता.
एकोणीस वर्षांपूर्वी, त्याच्या चिपवर, ते खरंच होतं.

म्हणून सरसकट उलटवून चालणार नव्हतं,
जुने बोर्ड अजून जुनंच बोलतात.
तिनं या बोर्डाच्या वर्णनात एक ओळ घातली:
हा उलटं सांगतो, तसं ऐका.

मग चार ओहमचा रेझिस्टर तीन नंबरच्या पोर्टात, मुद्दाम.
बोटाला चटका.
पडद्यावर ओळ आली: पोर्ट तीन, जास्त करंट, वीज बंद.
ती हसणार,
एवढ्यात वीज परत चालू, रेझिस्टर तसाच, लॉग कोरा.

खूण पुसली की संकट टळलं,
असं धरून यंत्र पुढे निघून जात होतं.
पुसल्यावर परत एकदा बघ,
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
आणखी सात ओळी.

पाठवताना बदलापेक्षा कारण लांब झालं.
तळाशी तिनं लिहिलं,
दोष कळवला: एदुविना बारिएन्तोस,
आणि स्पेलिंग दोनदा तपासलं.

उत्तर अकरा दिवसांनी, कातरणीचा हंगाम उरकल्यावर:
कीबोर्ड चालतो.
पंखा लावून पाहिला, यंत्रानं लगेच नाव घेऊन सांगितलं.
वायर फेकली नाही,
खिळ्याला टांगली आहे दाराशी.
येणारे विचारतात, ही कशाला?