उघडाबोडका

रविवारी सकाळी बोडक्याची अंघोळ.
सिंकमध्ये चार बोटं पाणी,
कोपर बुडवून बघायचं.
हात फसवतात, कोपर खोटं बोलत नाही,
हे आत्यानं शिकवलं, इस्लामपुरात.
घरोघरी बाळं न्हाऊ घालायची ती,
पाटावर बसून, पाय लांब सोडून,
पोटऱ्यांच्या पन्हळीत रडका गोळा.

तिच्याजवळ तेलाची वाटी असायची.
मला ती लागत नाही.
हा स्वतःच तेल गाळतो, घाण्यासारखा,
दिवसरात्र, कातडीतून,
आणि टिपून घ्यायला केस नाहीत म्हणून ते उतरतं
उशीच्या अभ्र्यावर, सोफ्याच्या हातावर,
माझ्या युनिफॉर्मच्या बाहीवर:
कोऱ्या चहासारखा डाग.
आत्या म्हणाली असती,
अगं, याला चोळतेस काय, याच्यात भजी तळ.

कानात काळपट मेण.
नखांच्या मुळाशी मातकट चिकटा.
काखेतल्या घड्या, मानेच्या वळ्या.
फडकं ओलं करून टेकवायचं, घासायचं नाही.
तीट लावायला नको,
कानामागे ठिपका घेऊनच आलाय.
मग टॉवेल, लगेच,
रेडिएटरवर आधीच तापत ठेवलेला.
ग्रिम्झबीत वारा समुद्रावरून येतो तो थेट घरात,
दार बंद असलं तरी.
मीटरवर दोन पौंड उरलेत.
उरू देत. हा माझ्या स्वेटरच्या आत,
पोटाशी, भाकरीसारखा गरम.

मूळ नाव अल्बर्ट.
सात नंबरच्या खोलीतल्या मिस्टर थर्कटलांचा.
आमच्या होममध्ये मांजर चालत नाही.
मुलगी म्हणाली, संस्थेत देऊन टाकते.
मी म्हटलं, दोन आठवडे मी नेते.
तीन हिवाळे झाले.

ट्रॉलरवर इंजिनखोलीत गेलेला माणूस.
भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यामागे
पेन्सिलीनं लिहून दिलं त्यांनी:
बॉयलर लहान, कोळसा फार. चारदा खायला.
दुपारी खिडकीत नको, उन्हानं भाजतो.
पावडर, सेंट, असलं काही नाही.
वर्षातून एकदा काळीज बघून घेणे.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

बघून घेतलं, परवाच.
बाकीच्या मांजरांची छाती भादरावी लागते,
याचं ते काम वाचलं.
डॉक्टरीण गार जेल लावते तेव्हा
हा माझ्याकडे असा बघतो, जसं मीच केलं.
पडद्यावर करड्या धुक्यात काहीतरी उघडतं, मिटतं,
पान खाणाऱ्या तोंडासारखं.
भिंत पाच पूर्णांक चार, ती म्हणाली.
सहा झाली की आजार धरायचा.
एवढी पातळ कातडी, आणि भीती कसली,
तर काळीज जाड होण्याची.

सोमवारी सात नंबरमध्ये अंघोळ.
टबात कोपर घालते. हसतात ते, दरवेळी.
त्यांचीही पाठ आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
टेकवायचं, घासायचं नाही.
मुलीचं नाव कधी सापडतं, कधी नाही.
मला ते परवा मॉरीन म्हणाले.
मी हो म्हटलं.

पण बाही त्यांना कळते.
मॅनेजर दोनदा बोलली आहे या डागावरून,
धुवत जा गं जरा गरम पाण्यानं.
धुते. मंगळवारी.
ओल्या अंगठ्यानं ते डाग चाचपतात,
नाकाशी नेतात.
बॉयलर?
चालू आहे.
कोळसा?
चारदा. कधी पाचदा, मागतोच.
भिंत?
पाच पूर्णांक चार.
बराच वेळ काही नाही. टबातलं पाणी निवत जातं.
मग, इंजिनखोलीतून वर ओरडावं तसे ओरडतात,
पाच पूर्णांक चार!
आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये
चहाची गाडी ढकलणारी कॅरल दचकते.