खुर्ची जरा तिरकी

शनिवारी फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही चाळीसजण पुन्हा बाकावर बसलो.
बँकेतले, वकिलीतले, आणि एक विमावाला
जो पहिल्याच तासाला घोरू लागला.
पांगमबाईंनी फळ्यावर लिहिलं, मृत्युपत्र,
खडू खाली ठेवला, म्हणाल्या,
"हा शब्द म्हाताऱ्या माणसासमोर एकदम काढू नका.
आधी विचारा, जेवलात का."

एकतीस वर्षं त्या निबंधक कार्यालयात होत्या.
"किती अंगठे शाईत बुडाले माझ्या टेबलावर.
त्यातले किती दुसऱ्याच कुणी घट्ट धरले होते
ते मी पाहिलं.
पाहिलं, आणि शिक्का मारला."
एवढं बोलून त्यांनी पाणी प्यायलं.
कुणीच वहीत काही लिहिलं नाही.

मग मात्र लिहीतच राहिलो.
नॉमिनी राखणदार असतो, मालक नसतो.
बक्षीसपत्र म्हणजे दर्यात सोडलेला नारळ,
मृत्युपत्राचं तसं नाही,
सकाळी केलं, सांजेला बदललं, चालतं.
साक्षीदाराला वाटणीतला चमचाही नको.
डॉक्टरचा दाखला त्याच दिवसाचा.
"आणि सोबत आलेल्याची खुर्ची दाराबाहेर.
नाहीच जमलं तर जरा तिरकी ठेवा,
त्याचा चेहरा दिसला नाही
तर म्हातारा स्वतःचं बोलतो."
हे छापील नोट्समध्ये नव्हतं.

शेवटी त्या म्हणाल्या,
"आईची सही तिला न वाचू देता घेतलेले हात वर करा."
विमावाला जागा झाला होता. त्याने केला.
त्याच्या एकट्याचाच हात, पंख्याखाली.
माझा वहीखाली होता.

सोमवारी चेंबूर शाखा, काउंटर चार.
भिवाजी तांडेल, वय त्र्याऐंशी,
माझगाव गोदीत रिवेटा ठोकून कान गेलेले.
जावई सोबत, नितेश. भला वाटला.
सासऱ्याचा चष्मा आपल्या शर्टाला पुसून दिला,
मग अर्ज पुढे सरकवला,
अकरा लाखांची ठेव आजच मोडायची.
मी म्हटलं, तुम्ही जरा बाहेर चहा घ्या.
गेला. काचेपलीकडे उभा राहिला.

बहिऱ्या माणसाला गुपित विचारायचं
म्हणजे अख्ख्या शाखेला ऐकवायचं.
हे बाईंनीही शिकवलं नव्हतं.
पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर
मी मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, जेवलात का?
ते हसले. "पेज. त्यानंच भरवली."
दुसऱ्या स्लिपवर, ठेव तुम्हाला मोडायचीय का?

बराच वेळ ते स्लिपकडे बघत होते.
"कळतंय मला, तो काय करतोय."
आवाज मोठाच, सगळ्या बहिऱ्यांचा असतो तसा.
"पण रात्री दोनदा उठवून मोरीपर्यंत नेतो
तो तोच."
मी तिसरी स्लिप ओढली. आज नको. मृत्युपत्रात लिहा त्याला.
हवं तेव्हा बदलता येतं.
त्यांनी वाचलं. मान हलवली.
"आणि हे त्याला कळल्यावर,
आज रात्री?"

चौथ्या स्लिपवर काही लिहिलं नाही.

दुपारी पांगमबाईंना फोन केला.
पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या तरी त्या गप्प.
मग म्हणाल्या, "उद्या परत बोलवा. परवाही.
दर वेळी तेच विचारा.
माणूस एकदाच विचारल्याचं खरं उत्तर देत नाही."
अर्ज मी खणात ठेवला,
तीन स्लिपांसकट.

रात्री घरी, आईच्या पलंगापाशी
खुर्ची ओढली. पाडव्याची ती फाइल
पिशवीतच राहू दिली, आज नुसतं बसायचं ठरवून.
म्हटलं, "जेवलीस का ग?"
आईने उशाखालचा चष्मा काढला,
पुसला, डोळ्यांवर चढवला,
हात पुढे केला माझ्या पेनासाठी.
"आज कुठे करायचीय सही?"