वेताची टोपी

ती अजून माळ्यावर आहे.
उलटी ठेवली तर कांद्यांची टोपली,
सुलटी ठेवली तर माझं अकरावं वर्ष.

विसाव्या सालचा ऑगस्ट. नाय्लेनच्या कुरणात
त्यांनी खांब उभारला होता,
चर्चच्या मनोऱ्याहून उंच
(हे आम्ही पाद्रीबाबा नसताना म्हणायचो).
वर आडव्या दांड्या, दांड्यांवर पिसांचे पक्षी,
लाल, पिवळे, निळे,
एकाच्याही नशिबात उडणं नाही.
पिसं आमच्या कोलेट मावशीच्या कोंबड्यांची.
रंग अँटवर्पचा. कोंबड्या आम्ही आदल्या रविवारी खाल्लेल्या.

बाण वर जायचे, सरळ वर,
आणि पडेल ते वेचायला आम्ही पोरं,
डोक्यावर ही अशी टोपी,
कारण वर गेलेला बाण खाली येतोच
आणि येताना
आपण कुणाचे हे विसरून येतो.

काळ्या कोटातले साहेब म्हणाले,
हे साऱ्या जगाचे खेळ आहेत.
आम्ही टाचा उंचावून जग शोधलं.
लीरचे आले होते, हेरेन्टाल्सचे आले होते,
सायकलवरून, पाठीला धनुष्य बांधून.
त्यांतल्या एकाकडे आमच्या शेळीचे पैसे अडकलेले.
बाकी कुणी नव्हतं.
झेंडा मात्र चढवला. त्यालाही वारा नव्हता.

झेफिरिन मामा हिऱ्यांना पैलू पाडायचा,
घरातच, खिडकीशी, चाकावर.
उजव्या हाताची दोन बोटं
एझर नदीच्या चिखलात ठेवून आला होता;
दोरी आता अंगठ्याने ओढायचा.
त्याची पाळी आली तसं एका साहेबाने
गंमत म्हणून विचारलं:
"वर बघताना काय काय दिसतं हो तुम्हाला?"

मामाने घाई केली नाही.
"खांब दिसतो. खांबामागे ढग.
शेंडा उडालेला पॉप्लर.
येरूनच्या कबुतरखान्याचं दार,
जर्मन आले तेव्हापासून उघडंच आहे.
ती बाई दिसते, कुंपणाशी, माझी बहीण,
तिचा नवरा दिसत नाही."

"आणि पक्षी?"

"आहे ना. त्या गर्दीतच आहे."

साहेबांनी मिशीवरचा बिअरचा फेस पुसला.

मग मामाने बाण सोडला.
त्याला टोक नव्हतं,
शिंगाची बोथट गुंडी होती;
भोसकायचं नाही, नुसतं ढकलायचं.
टक्.
कोंबडा नाही पडला, सगळ्यात वरचा, मोठ्या गुणांचा.
कडेचा एक निळा पडला,
कोपऱ्यातला, एका गुणाचा,
आणि पडताना इतका वेळ घेतला त्याने
की टाळ्या आधीच संपून गेल्या.

मी धावले. पक्षी झेलायला,
बाण विसरून.
टोपीवर धप्प आवाज झाला
आणि दात दातांवर आपटले.

आई कुंपणाशीच होती.
सकाळपासून ती जमिनीकडे बघत उभी.
लढाई सुरू झाल्यापासून
काही वर गेलं की ती खाली बघायची.
तो आवाज ऐकून तिने मान वर केली.
पहिलं काय बघितलं असेल? मला नाही.
आधी आकाश, सबंध,
मग मला.
आणि ओरडली, "मूर्ख कार्टे, जिभेला लागलं का?"
चार वर्षांत ती इतक्या मोठ्याने बोलली नव्हती.

पदक कुणाला मिळालं ते आठवत नाही.
मामाला मिळालं नाही एवढं नक्की;
परत येताना तो शीळ घालत होता,
आणि शेळीचे पैसे
त्या हेरेन्टाल्सवाल्याने शेवटपर्यंत दिले नाहीत.

निळं पीस मावशीने मागून घेतलं.
उजेडात धरून म्हणाली,
ही माझी ठिपक्यांची, रंगाखालूनही ओळखते मी.

टोपीत एक काडी आत वाकलेली आहे.
कांदे काढताना
बोटाला लागते.