तेहतीस किलो चारशे

पोपटासारखं बाकदार नाक, म्हणून राघू.
चाळीस दिवसांचा असताना अप्पानं त्याला
पोत्यात घालून, तोंड तेवढं बाहेर ठेवून,
अथणीच्या बाजारातनं लुनावर मंगसुळीला आणला.
विकणारा कानडी बोलायचा,
म्हणून कोकराला 'थांब' कळायचं नाही.
'निल्लु' म्हटलं की चारी पाय रोवून उभं.
तेवढा एक शब्द त्याच्या मागनं
आमच्या घरात आला, आणि राहिला.
आता लेकराला रस्ता ओलांडताना
मी तोच म्हणते.

सहा महिने.
शाळेआधी मक्याचा भरडा, मूठभर शेंगपेंड,
शाळेनंतर कॅनॉलच्या कडेनं चालवणं,
दावं ढिलं, हनुवटीखाली दोन बोटं.
स्पर्धेत मेंढरू ओढायचं नसतं,
त्यानं आपल्या शेजारनं यायचं असतं.
हे कुणी शिकवलं नाही,
राघूनं तीनदा फरफटत नेल्यावर कळलं.
खुरांना खोबरेल. कानामागं गोचीड.
रात्री पाठीवर तळवा ठेवून
कणा किती बुजला ते चाचपणं,
डॉक्टर कल्लोळी चाचपतील तसंच.

आणि आदल्या रात्री
भरड्यात मीठ.
एक मूठ नाही, दोन.
युक्ती कुणाची ते सांगणार नाही,
सांगणारा आता नाही,
आणि मूठ माझीच होती.
पाण्याची बादली मी उचलून
दाराच्या आत घेतली.

राघू ओरडला.
आधी भुकेचं ओरडणं, ते मला ठाऊक होतं.
मग एक वेगळंच.
उगारच्या कारखान्याचा भोंगा झाला,
तो भोंग्यावरही ओरडला.
मी गोधडी कानावर घेतली.
मला काट्यावरचे आकडे दिसत होते.

पहाटे टेम्पोत त्यानं माझा तळहात चाटला.
लाडानं नव्हे,
घामाच्या ओलीसाठी.

मार्केट यार्ड, शाळकरी गट.
काट्याची रांग सरकली तेव्हा बादली पुढं केली.
त्यानं नाक बुडवलं, डोळे मिटले,
आणि इतका वेळ प्याला
की मागचा पोरगा हसला.
मुत्ताप्पा, कोहळ्ळीचा.
सकाळी माझं दावं तुटलं तेव्हा
त्यानंच आपलं जादाचं दिलं होतं.
"नीर भाळ कुडितैती," म्हणाला.
नुसतं कौतुक.

तेहतीस किलो चारशे.
मुत्ताप्पाचं तेहतीस शंभर.

रिंगणात राघू उभा राहिला,
चार कोपऱ्यांवर चार पाय,
मी 'निल्लु' म्हणायच्या आधीच.
कल्लोळींनी पाठ दाबली, छातीला टेप लावली,
"छलो ऐती," म्हणाले.
होताच तो छलो.
कदाचित पाण्याशिवायही पहिला आला असता.
हे 'कदाचित' मी एकोणीस वर्षं पाळतेय,
त्याला काय खाऊ घालावं ते कळत नाही.

बक्षीस स्टीलची घागर,
तिच्यावर कानडीत कोरलेलं माझं नाव,
एक अक्षर चुकलेलं.
मुत्ताप्पानं टाळ्या वाजवल्या.
दावं परत मागितलं नाही.

राघूला तिथंच मिरजेच्या माणसानं घेतला. नऊ हजार.
बीजासाठी, कापायला नव्हे,
असं अप्पा वाटेत दोनदा म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच्या टेम्पोत चढवताना राघू थांबला.
मान वळवून बघितलं त्यानं.
मला वाटलं, माझ्याकडं.
बादली माझ्या हातात होती.

घागर चेपली, आईनं मोडीत घातली.
दावं अजून आहे,
सुताचं, त्यात एक निळा पदर गुंफलेला.
कोहळ्ळीकडं जाणारी गाडी
आमच्या फाट्यावरनं सुटते,
रोज, सव्वाआठला.