पुढचा डावा

मी चेहरे विसरतो. खूर नाही.
आजा मिरजेहून हातोडा घेऊन महालक्ष्मीच्या तबेल्यात आला,
तेव्हापासून आमच्या घरात माणसाचं नाव नंतर,
आधी त्याच्या घोड्याची टाच.

तिचं नाव रेसच्या पुस्तकात इंग्रजी होतं, तीन शब्दांचं,
मालकाच्या मुलीने ठेवलेलं.
लाडप्पा मोतद्दार तिला बायडी म्हणायचा.
कुमाईत, चार वर्षांची,
गुळाच्या वासाने माझ्या खिशात नाक खुपसणारी.
पुढचा डावा खूर किंचित आत वळलेला,
बाहेरच्या कडेला तांदळाएवढी चीर.
दर वेळी मी ती कानशीने निजवायचो,
दर वेळी ती जागी व्हायची.

शर्यतीच्या तोंडावर लोखंड काढायचं, ॲल्युमिनियम ठोकायचं.
तळहातावर घेतलं तर बिस्किटाएवढं वजन.
एवढ्याशावर किती जणांचे लाख उभे असतात
ते मी मोजत नाही, मला खिळे मोजायचे असतात.

शनिवारी दुपारी तिचा पाय मांडीवर घेतला
आणि घोट्याला हाताची मागची बाजू टेकवली,
पोराचं अंग बघतात तशी.
ताप होता.
लाडप्पाने माझ्याकडे बघितलं नाही,
बर्फाच्या बादलीकडे बघितलं.
बादली सकाळपासून भरलेली होती.

ट्रेनरसाहेब फोनवर होते.
फोनवर तळवा ठेवून म्हणाले,
"दस्तगीर, सुई दिलीय. तू नाल बघ."
मी नाल बघितली.
सहा खिळे.
सहावा ठोकताना तिने पाय ओढला नाही.
ओढला असता तर मी बोललो असतो,
असं अजून स्वतःला सांगतो.

ती जिंकली.
सांगायलाच हवं, कारण लोकांना वाटतं
असल्या गोष्टीत घोडी वळणावर कोसळते,
हिरवा पडदा ओढतात, डॉक्टर धावतो.
तसं नाही झालं. दीड लांबीने जिंकली.
लाडप्पाला नोटांची घडी मिळाली, मला पेढे,
तेही मी खाल्ले.
फोटोत मालकीणबाई टोपी सावरतायत,
आणि तिचे चारही पाय जमिनीवर आहेत.
पुढचा डावा नुसता टेकलेला आहे, त्यावर भार नाही.
फोटो क्लबच्या जिन्यात टांगलाय.
हजारो माणसं तिथून वर जातात.

पुढच्या मोसमात पुस्तकात ती नव्हती.
कुणी म्हणालं पुण्याला दिली. कुणी म्हणालं फार्मवर.
फार्मवर गेलेल्या घोड्यांचा पत्ता
इथे आजवर कुणी मला लिहून दिलेला नाही.
लाडप्पाही गावी निघून गेला, बादली उपडी घालून.

लोक माझ्याकडे नाल मागायला येतात,
काळ्या घोड्याची, उंबऱ्याला ठोकायला.
लोखंडाची हवी असते.
धावताना घातलेली देऊ केली तर हसतात:
ॲल्युमिनियमला शनी कशाला घाबरेल?

मे महिन्यात भायखळ्याला वरात आडवी आली.
बँड, दिव्यांची छत्रं, जनरेटरची हातगाडी.
घोडीवर आरशांची झूल, तोंडावर मण्यांची जाळी,
वर नवरदेव, फेटा मागे सारून फोन बघत.
मी रस्ता ओलांडायला थांबलो होतो, सवयीने खाली बघत.

तांदूळ आता बोटाएवढा झाला होता.
नाल जाड, मापाला मोठी,
एक खिळा आत, जिवंत बाजूला वाकलेला.

मी डांबरावर उकिडवा बसलो.
नोटा उडवणारा मामा ओरडला, "चाचा, बाजू व्हा, लाथ मारेल!"
बँड चुकला, मग थांबला.
मी हात लावायच्या आधीच
तिने पाय उचलून दिला.

खिशात पकड नव्हती. गूळही नव्हता.
मागून गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, कुणीतरी माझी कॉलर धरली,
आणि मी तो पाय धरून बसलो होतो.
गरम होता.