अंगण वाकडं

बोबो-द्युलासोतलं आमचं अंगण खरंच वाकडं आहे.
शिंप्याच्या भिंतीपासून गटाराकडे उतरत जातं,
मधोमध आंब्याचं मूळ वर आलेलं.
मी बालाफोन मांडतो तेव्हा
एका पायाखाली वीट सरकवावी लागते.

आसिता म्हणते, सपाट जमिनीवर कुणीही नाचेल.
आपण असं नाचू, सियाका,
की बघणाऱ्याला उतार दिसेल.

तिच्याकडे अकरा जण आहेत.
चौघे इथलेच. बाकीचे उत्तरेकडून आले,
ट्रकच्या टपावर बसून, बकऱ्या मागे सोडून.
नोआगा सतरा वर्षांचा. गावाचं नाव काढत नाही.
पहिल्या दिवशी आसिता त्याला म्हणाली,
"घरून विहिरीवर जायचास, तसा चालून दाखव."
तो चालला.
आठव्या पावलाला वळला, बाराव्याला वाकला,
तिथे बाभळीची फांदी आडवी यायची म्हणे,
आणि विसाव्याला थांबला.

विसाव्या पावलावर काय होतं
आम्ही कुणी विचारलं नाही.
मी सर्वांत खालची पट्टी वाजवली
आणि लगेच तळवा ठेवून तिचा आवाज दाबला.

माझ्या वाद्याखाली भोपळे आहेत,
भोपळ्यांना भोकं,
भोकांवर कोळ्याच्या अंड्यांचा पापुद्रा.
म्हणून सूर घोगरा येतो, गुणगुणत येतो,
जसा पलीकडच्या खोलीत कुणी जागं असावं.
बाप सांगायचा, नितळ सुरावर भरवसा ठेवू नकोस,
तो काहीतरी लपवतोय.

परवानगी काढायला गेलो.
खिडकीमागे दाबिरे साहेब.
"संहिता द्या."
"संहिता नाही साहेब, नाच आहे."
"मग नाच लिहून द्या."
आसिताने माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं:
अकरा माणसं चालतात. एक थांबतो. दहा परत येतात.
साहेबांनी दोनदा वाचलं.
"थांबतो म्हणजे? कुणामुळे?"
"दमतो."
"आणि हे परत येणारे कोण?"
"शेजारी."
"यात राजकारण नाही ना?"
"गुडघे आहेत," आसिता म्हणाली. "टाचा आहेत."
शिक्क्याची शाई वाळली होती.
साहेबांनी तो तोंडाजवळ नेऊन हाऽऽ केलं
आणि हाणला. ठक्. थोडं थांबून, ठक्.
तो ठेका मी घरी येईपर्यंत बोटांत धरून ठेवला.

शुक्रवारी सात वाजता वीज गेली.
कुणी काही बोललं नाही.
एकेक करून मोटरसायकली सुरू झाल्या,
नऊ दिवे अंगणावर आले
आणि शिंप्याच्या भिंतीवर अकरांचे झाले नव्व्याण्णव.
ठक्. थोडं थांबून, ठक्.
लोक हसले. शिक्का सगळ्यांनाच ओळखीचा.

नोआगा वळला. वाकला. थांबला.
फक्त इंजिनांची घरघर.
उजेडात धूळ तरंगत होती, खाली बसायला तयार नव्हती.
दहा जण वळून त्याच्याकडे निघाले,
आणि मागून रस्माता उठली,
छावणीच्या फाटकाशी चवळीचे वडे तळते ती,
हातात झारा तसाच,
चढावरून उतरत आली त्याच पावलांनी:
आठव्याला वळली, बाराव्याला वाकली.
तिला ती बाभूळ कशी ठाऊक?
मग तिच्यामागे अजून तिघं,
मग शिंपी,
मग मी मोजायचं सोडलं, कारण पट्ट्यांकडे बघावं लागत होतं.

कोणीतरी नोआगाच्या कोपराला धरलं.
एकविसावं पाऊल त्याने टाकलं की टाकलं नाही,
मला नीट दिसलं नाही. घामाने डोळे चुरचुरत होते.

सोमवारी नोटीस आली:
मंजूर मजकुरात परत येणारे दहा,
प्रत्यक्षात अंदाजे साठ. खुलासा करावा.

आसिताने तिच्याच पाठीमागे लिहिलं:
साहेब, अंगण वाकडं आहे.
माणसं घरंगळत येतात.

वीट मी काढलेली नाही.
पुढच्या शुक्रवारसाठी रस्माताला विचारलं, येशील का?
म्हणाली, झारा ठेवून येते यावेळी,
दोन्ही हात लागतात.