एक भोक जास्तीचं

विजापूर रोडवरनं आत, लिंबाच्या रांगेमागे,
पाटी इतकी लहान की स्कूटर दोनदा पुढे गेली.
एकूण मुलं दोनशे चौदा, निहारिकाने रात्रीच सांगितलेलं.
आमच्या टॉवेलच्या कारखान्यात दिवसपाळीलाच याहून जास्त माणसं असायची.
म्हणजे तेव्हा. कारखाना होता तेव्हा.

साडू व्यंकटेशम म्हणाला होता,
"बघ बाबा, गळ्यात क्रूस घालून येईल पोरगी."
बायको विडीचं पान कातरत म्हणाली,
"गळ्यातलं राहू दे, फीचं काय ते विचार."
मी गप्प.
मी जकार्डची कार्डं पाडणारा माणूस,
एका भोकाचा विचार करायलाही मला वेळ लागतो.

दारात मेरी. निळा रंग उन्हाने विटलेला,
पायाशी जास्वंद, आमच्या मार्कंडेयाला वाहतो तसलीच.
सवयीने चप्पल काढली.
"नायना, इथे नाही काढत," निहारिका पुटपुटली.
मग परत घालावी की नको,
यातच अर्धा मिनिट गेला.

सिस्टर लिडविनाचं मराठी मंगळूरकडून आलेलं.
मी कन्नडात बोललो तशी हसली, चहा मागवला.
जुन्या बिलाच्या पाठीवर माझे प्रश्न:
वर्गात किती? अठरा.
त्यात तुमचे किती? दोन.
प्रार्थना?
"उभं राहायचं. म्हणायची की नाही, ते ज्याचं त्याचं."
आणि एखादी दोन दिवस आलीच नाही तर?
"आम्ही घरी येतो."

हे ऐकून मला बरं वाटलं,
इतकं बरं की पोरीच्या तोंडाकडे
उशिरा पाहिलं.
सूत तुटतं आणि माग चालूच राहतो,
कापडात बारीक रेघ पडत जाते,
तसं होतं ते तोंड.

हात धुवायला उठलो. बेसिनपाशी टॉवेल.
गुलाबी, धुऊन धुऊन पातळ, काठाला हंसांची ओळ.
माझे हंस.
एकोणीस वर्षांपूर्वी पाडलेलं कार्ड,
त्यात एक भोक जास्तीचं,
म्हणून दर चौथ्या हंसाला तिसरा पाय.
मालकाला कळलं नाही, मुकादमाला नाही,
हजारो डझन गेले, कुठून कुठून,
कोणी परत पाठवला नाही.

"तो? तीन पायांचा?" मागून सिस्टर म्हणाली.
"आल्या वर्षीच दिसला मला. टाकवत नाही."

मी सांगितलं नाही तो माझा म्हणून.
का सांगितलं नाही, आता विचार करतो.

परतताना सात रस्त्याला उसाचा रस घेतला.
बर्फ चघळत निहारिका म्हणाली,
"मोठ्या कॉलेजात दोन हजार पोरं असतात, नायना.
तिथं कोणाला दिसायचं नाही म्हटलं तर जमतं."
थोड्या वेळाने:
"इथं जमणार नाही."
तक्रार होती का, मला कळेना.
तिलाही कळत नसावं. ग्लास रिकामा झाला
तरी ती स्ट्रॉने आवाज काढत बसली.

मी बघायला गेलो होतो, कॉलेज पोरीला शोभतं का.
पोरगी बघत होती,
कोणी बघत राहिलेलं आपल्याला सोसतं का.
एकाच स्कूटरवर दोन वेगळ्या कामांना निघालो होतो.

रात्री फॉर्म भरायला बसली.
मातृभाषा: तिथे थांबली. घरात तेलुगू, शाळेत मराठी,
बाजारात कन्नड; रकान्यात जागा दोन बोटं.
तिने तेलुगू लिहिलं, खोडलं, परत तेच लिहिलं.
पालकाची सही, ती ओळ माझ्याकडे सरकवली.

चुकीचं भोक बुजवता येतं तसं,
मागून कागद चिकटवायचा, पुन्हा पाडायचं.
मला हे ठाऊक आहे. तरीही पेन धरून
बराच वेळ बसलो.
"नायना, झोप आली," ती म्हणाली,
आणि फॉर्म तिथेच ठेवून गेली, उघडा,
वर पाण्याचा तांब्या, पंख्याने उडू नये म्हणून.